वरवे बुद्रुकची वसुबारस

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या माणसाला, वाटेत कोणकोणती गावे लागली असे विचारले, तर तो तीनचार नावांपलीकडे जाणार नाही. कात्रजचा बोगदा, शिवापूरचा टोलनाका, नसरापूरचा फाटा, शिरवळ. संपली यादी! मीही वीस वर्षे याच यादीवर भागवीत आलो. माझ्या आईचे माहेर गुंजवणीच्या खोऱ्यात, राजगडाच्या छायेत आहे. त्यामुळे वर्षातून तीनचारदा तरी हा रस्ता आमच्या पायांखालून, म्हणजे खरे तर चाकांखालून, जातोच. पण शिवापूर मागे पडले की नसरापूरच्या फाट्याला उजवीकडे वळायचे, एवढीच खूणगाठ मी मनाशी बांधलेली. मधल्या पट्ट्यात वरवे खुर्द आणि वरवे बुद्रुक अशी दोन गावे आहेत, त्यांच्या पाट्या मी शंभर वेळा वाचल्या असतील. मराठीचा प्राध्यापक पडल्यामुळे पाटी वाचताच व्युत्पत्तीही मनात हजर होई. बुद्रुक म्हणजे फारसीतला 'बुजुर्ग', थोरला. खुर्द म्हणजे धाकटा. शब्दाचे मूळ कळले की वस्तू कळली, असे आम्हां मास्तर लोकांना उगीचच वाटते. थोरल्या वरव्याची खरी ओळख मला गेल्या वर्षी झाली, आणि ती शब्दकोशातून झाली नाही. ती एका सांडलेल्या दुधाच्या किटलीतून झाली.

आधी गाडीविषयी सांगायला हवे. चार वर्षांपूर्वी आम्ही एक मोठी गाडी घेतली. मोठी म्हणजे सात माणसे ऐसपैस बसतील, आणि शेजाऱ्यांना बाल्कनीत उभे राहून पाहावेसे वाटेल, इतकी मोठी. अर्थात जुनी; आमच्यापूर्वी एका गृहस्थांनी सहा वर्षे वापरलेली. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, लहान गाडी नवी घ्यावी. माझे म्हणणे असे की, आईला माहेरी न्यायचे तर पावसाळ्यात वेल्ह्याकडच्या रस्त्याला उंच गाडीच हवी. शेवटी माझे म्हणणे मान्य झाले. त्याची शिक्षा म्हणून, आईला त्या उंच गाडीत चढता यावे यासाठी स्वयंपाकघरातले एक लाकडी स्टूल कायम गाडीत ठेवावे लागले. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. स्टुलावर एक पाय ठेवून ती गाडीत चढते तेव्हा अंबारीत बसल्याचा भाव तिच्या तोंडावर असतो.

गेल्या श्रावणात गाडीच्या काचेमागे एक पिवळा दिवा लागला. गोल वर्तुळ आणि त्यात तीन इंग्रजी अक्षरे : ए, बी, एस. शहरातल्या एका मोठ्या कार्यशाळेत गाडी दाखवली. तिथल्या टाय बांधलेल्या तरुणाने सांगितले, "ब्रेक चालू आहेत सर, पण एबीएस बंद पडलंय. अख्खं युनिट बदलावं लागेल." त्याने कागदावर जो आकडा लिहून दिला तो कन्येच्या वर्षभराच्या शिकवणीच्या फीपेक्षा मोठा होता. कन्या यंदा नववीत. मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि स्वतःला विचारले, ब्रेक लागतात ना? लागतात. मग घाई कसली? मध्यमवर्गीय माणसाजवळ असल्या प्रश्नोत्तरांचा साठा मोठा असतो. एका सहकाऱ्याने तर दिव्याचा बल्बच काढून टाकण्याचा सल्ला दिला.

बल्ब मी काढला नाही. त्याहून वाईट केले. भाद्रपदात गणपतीच्या खरेदीला गेलो असताना मंडईजवळ एक पोरगा गजाननाची छोटी चिकटचित्रे विकत होता. एक घेतले आणि गाडीतल्या काचेवर चिकटवले. नेमके त्या दिव्यावर! कन्येने विचारले, "बाबा, तिथे कशाला?" मी म्हणालो, "गाडी चालवताना समोर दिसावा म्हणून." ती काही बोलली नाही. पण हल्लीच्या मुलींचे न बोलणेही फार बोलके असते.

नवरात्रातला रविवार. मामांना बरे नसल्याचा निरोप होता, म्हणून आई, कन्या आणि मी निघालो. परतीचा पाऊस नुकताच झोडपून गेला होता. बोगद्यातून बाहेर पडलो आणि शिंदेवाडीकडे उतरू लागलो तेव्हा डोंगरावरून पांढऱ्या धारा लोंबत होत्या. शिवापूरला कमरअली दरवेशांचा दर्गा आहे. अकरा माणसांनी एकेक बोट लावून तिथली जड शिळा उचलायची, अशी प्रथा. लहानपणी आपल्या वडिलांनी तिथे बोट कसे लावले होते, ते आई नातीला रंगवून सांगत होती. टोलनाका मागे पडला. वरव्याची पाटी दिसली. आणि डाव्या हाताच्या सेवारस्त्यावरून, दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या अडकवलेली एक मोटारसायकल महामार्गावर आली.

तो बिचारा कडेकडेने येत होता. वेग माझाच जास्त होता. मी ब्रेकवर पाय दिला. दिला कसला, ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा! चाके जागच्या जागी थांबली. गाडी मात्र थांबली नाही. ओल्या फरशीवरून साबणाची वडी निसटावी तशी ती सरळ निघाली. मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवले. गाडीने ऐकले नाही. आणखी फिरवले. तरी ती त्या किटल्यांच्याच रोखाने चालली होती. तेवढ्यात भीतीने म्हणा, पायातले बळ गेले म्हणून म्हणा, माझा पाय ब्रेकवरून क्षणभर सुटला. त्याबरोबर गाडीने गचकन उजवीकडे मान फिरवली, आणि थोडे पुढे जाऊन थांबली. मोटारसायकलवाला कडेच्या चिखलात उतरला होता. एक किटली आडवी झाली होती. काळ्या रस्त्यावर दुधाची एक पांढरी रेघ हळूहळू उताराकडे चालली होती. मागून आलेला ट्रक कर्णा वाजवीत शेजारून गेला. गाडीत कोणीच बोलत नव्हते. आईच्या हातातली जपमाळ खाली पडली होती, ती शोधायचेही तिला सुचत नव्हते.

मी उतरलो. आता चार शिव्या खायच्या, आणि त्या रास्तच आहेत, अशी मनाची तयारी केली होती. दूधवाला पस्तिशीचा, टोपी घातलेला. तो माझ्याकडे आलाच नाही. त्याने आधी गाडीत डोकावून पाहिले. "म्हातारीला लागलं का? पोरगी बरी हाय का?" मग चाकांचे रस्त्यावर उमटलेले काळे पट्टे पाहिले आणि म्हणाला, "पाव्हणं, तुमची चाकं धरली. गाडी पुढं नेऊ नका. माझ्या चुलतभावाचं ग्यारेज हितंच हाय."

वरवे बुद्रुक मी पाहिले ते असे, पहिल्या गिअरमध्ये, एका मोटारसायकलच्या मागून. महामार्ग सोडून शंभर पावले आत गेलो की जगच बदलते. भाताची खाचरे पिवळी होऊ लागली होती. खालच्या अंगाला शिवगंगेच्या काठची झाडी. ही नदी सिंहगडाच्या बाजूने येते आणि पुढे गुंजवणीला जाऊन मिळते, म्हणजे माझ्या आईच्या माहेरच्या पाण्यात तिचे पाणी मिसळते. दोन्हीकडे डोंगर, मधे चिंचोळे खोरे, आणि त्या खोऱ्यातून एके काळी पुणे, सिंहगड, राजगड, पुरंदर यांना जोडणाऱ्या वाटा. आज त्याच खोऱ्यातून सहापदरी रस्ता वाहतो. गावात उभे राहिले की त्याचा घुमारा सतत ऐकू येतो. पहिल्यांदा मला वाटले, नदीला पूर आला आहे.

ग्यारेज म्हणजे पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने आणि कोपऱ्यात कुंकू लावलेले विश्वकर्म्याचे चित्र. मिस्त्री तिशीतला. आयटीआय करून काही वर्षे चाकणच्या कारखान्यात काढलेली, मग गावी येऊन स्वतःचे सुरू केलेले. त्याने गाडीत बसून किल्ली फिरवली. काचेकडे पाहिले. मग हलक्या हाताने नखाने ते गणपतीचे चित्र सोडवले, कपाळाला लावले आणि विश्वकर्म्याच्या चित्राशेजारी ठेवले. खाली पिवळा दिवा जळत होता.

"सर," तो म्हणाला, "बाप्पाला दिव्यावर नका बसवू. त्याला दुसरी कामं आहेत."

वीस वर्षे मी वर्गात विद्यार्थ्यांची उत्तरे तपासतो. इतक्या थोड्या शब्दांत कोणाची चूक दाखवून देणे मला अजून जमलेले नाही.

त्याने गाडीच्या बोनेटवरच्या धुळीत बोटाने एक चाक काढले. "फिरतं चाक वळतं. अडकलेलं चाक वळत न्हाई, तो नुसता धोंडा. तुम्ही ब्रेक गच्च दाबला, चाक अडकलं, मग स्टिअरिंग कुठंही फिरवा. तुमचा पाय सुटला, चाक फिरायला लागलं, तवा गाडी वळली. पाय सुटला म्हणून वाचलात. तो पाय सोडायचं आणि परत दाबायचं काम ह्या यंत्राचं. एका सेकंदात धा-बारा येळा करतंय."

प्रत्येक चाकाजवळ एक दातेरी चकती आणि तिचे दात मोजणारा एक सेन्सर असतो. चारही चाकांची मोजणी एका काळ्या डबीत जाते. ब्रेक दाबल्यावर एखादे चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावले, तर ते अडकू पाहते आहे हे डबी ओळखते, आणि त्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलची बारीक झडप मिटून दाब सोडते. चाक सुटले की पुन्हा दाब देते. सोडलेले तेल परत ढकलायला एक छोटी मोटर असते. पायाखाली जी धडधड जाणवते ती या खटाटोपाची. कित्येक जण त्या धडधडीला घाबरून पाय उचलतात, आणि तीच मोठी चूक. तिथे पाय दाबून धरायचा आणि स्टिअरिंग हवे तिकडे फिरवायचे. "ह्यानं गाडी लवकर थांबतेच असं न्हाई," मिस्त्रीने सावध केले, "खडीवर, मुरमावर कधी जास्तच लांब जाती. पण वळती. माणूस चुकवता येतो."

मग त्याने तपासणी सुरू केली. शहरातल्या कार्यशाळेत संगणकाने जे सांगितले ते इथल्या छोट्या स्कॅनरनेही सांगितले : पंपाच्या मोटरचा दोष. पण मिस्त्री तेवढ्यावर थांबला नाही. फ्यूज पाहिला. बॅटरीचा दाब मोजला. चारही चाकांचे सेन्सर पुसून पाहिले, तारा हलवून पाहिल्या. शेवटी मोटरची तार सोडवली आणि तिला थेट बॅटरीवरून वीज दिली. मोटर घुर्रकन फिरली.

"मोटर जिती हाय," तो म्हणाला. "हुकूम देणारा मुका झालाय."

म्हणजे दोष त्या काळ्या डबीत होता. इंजिनाची उष्णता आणि रस्त्याचे हादरे वर्षानुवर्षे सोसून अशा डब्यांतले बारीक जोड सुटतात. अख्खे युनिट बदलायची गरज नव्हती. माझ्या गाडीत ही डबी झडपांच्या ठोकळ्याला सहा स्क्रूंनी बसवलेली होती. तेवढीच काढता येत होती. सगळ्याच गाड्यांत तशी सोय नसते, हेही त्याने सांगितले.

हे चालले असता आई दूधवाल्याच्या घरी ओसरीवर बसली होती. सांडलेल्या दुधाचे पैसे तिने केव्हाच पदराच्या गाठीतून काढले होते. दूधवाला घेईना, आई ऐकेना. शेवटी त्याच्या आईने निवाडा केला, "निम्मे घे. चूक त्यांची, पण उठल्याबरोबर तूबी न बघता रस्त्यावर गेलास." त्या म्हातारीचे आणि माझ्या आईचे वय एकच निघाले. मग माहेरे निघाली. नसरापूरच्या आठवडी बाजाराला आई लहानपणी बैलगाडीतून येई. ती म्हातारी इकडून चालत जाई. बनेश्वराच्या देवळातली मोठी घंटा दोघींनी वाजवलेली. नानासाहेब पेशव्यांच्या काळातल्या त्या देवळातली ती घंटा वसईच्या मोहिमेतून, १७३९ साली पोर्तुगीजांकडून आलेली आहे, असे मी मधेच सांगितले. दोघींनीही माझ्याकडे, पोरगे मधे का बोलते, अशा नजरेने पाहिले.

"रान आमचं रस्त्याच्या पल्याड," म्हातारी सांगत होती. "आधी गाडी आली का बघायचो आन् जायचो. आता मधी फट सापडती का बघायची. माझा ल्योक रोज दोनदा पार होतो. तो घरी येईस्तवर मी चूल सोडून उंबऱ्यात बसती."

मी चहाची बशी खाली ठेवली. तासाभरापूर्वी त्या उंबऱ्यात काय घडले असते, ते माझ्या डोळ्यांसमोर आले. आणि हेही आले की, तेव्हा मी पोलिसांना आणि लोकांना सांगितले असते, "ब्रेक लागला नाही हो!" दिवा दोन महिने जळत होता, हे सांगायला माझी जीभ रेटली असती का? प्रामाणिकपणे सांगतो, मला खात्री नाही.

मिस्त्री म्हणाला, सावकाश नेली तर गाडी जाईल. मी गाडी तिथेच ठेवली. स्टूलही ठेवले. नसरापूरच्या फाट्यावर आम्ही एस.टी. पकडली. आईला कितीतरी वर्षांनी एस.टी.ची खिडकी मिळाली. ती इतकी खुश झाली की मला माझ्या मोठ्या गाडीची लाजच वाटली.

पुढचे पंधरा दिवस फोनवर खल चालला. एक मार्ग, जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीची डबी आणायची. मिस्त्री म्हणाला, "नंबर जुळला तरी तिच्या पोटात दुसऱ्या गाडीचा हिशेब असतोय. ह्या गाडीचा शिकवता आला तर आला, न्हाईतर पैसे गेले." दुसरा मार्ग, आहे तीच उघडून आतले जोड पुन्हा डाखायचे. असे कारागीर पुण्यात आहेत. "पण किती दिवस टिकंल ते मी सांगणार न्हाई. आजींना घेऊन घाट उतरायचाय ना?" तिसरा मार्ग, नवी डबी. अख्ख्या युनिटच्या निम्म्याहून कमी किंमत. तरीही थोडी नव्हे. सौभाग्यवतींनी न बोलता दिवाळीच्या खरेदीची यादी घेतली आणि तिच्यावर पेन्सिलीने रेघा ओढल्या. पैठणीवर पहिली रेघ होती.

त्या दिवसांत मास्तराच्या खोडीप्रमाणे मी या यंत्राचे पूर्वज शोधले. १९५०च्या सुमारास इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीने विमानांसाठी असला ब्रेक केला. ओल्या धावपट्टीवर विमानाची चाके अडकून घसरत, टायर फुटत. मोटारीत विजेच्या मेंदूचा असा ब्रेक १९७८ साली जर्मनीत बॉश आणि मर्सिडीझ यांनी आणला. आपल्याकडे तो बरीच वर्षे श्रीमंतांच्या गाड्यांचा दागिना होता. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. सरकारने सक्ती करावी, कारखान्याने बसवावा, आणि मी त्यावर चित्र चिकटवावे!

वसुबारस उजाडली. नवी डबी आली होती. मी एकटाच जाणार होतो, पण दूधवाल्याच्या आईचा निरोप होता : "वसुबारसेला या. गाय-वासराची पूजा हितंच करा." पुण्याच्या फ्लॅटमध्ये आई दरवर्षी चांदीच्या इवल्याशा गाईची पूजा करते. खऱ्या गाईचे नाव निघताच ती पहाटेच तयार होऊन बसली. आई, कन्या आणि मी पुन्हा एस.टी.ने वरव्याला उतरलो.

मिस्त्रीने बॅटरीची तार सोडवली. डबीभोवतीची धूळ आधी ब्रशने, मग हवेने झाडली. कचऱ्याचा कणही आत जाता कामा नये. मोठा जोड खटका उचलून काढला. मग चांदणीच्या तोंडाचा लहान पाना घेऊन सहा स्क्रू एकेक करून सैल केले. डबी सरळ स्वतःकडे ओढली. ती हातात आली तेव्हा मी आत वाकून पाहिले. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर झडपांचे बारीक दांडे रांगेने उभे होते, आणि त्यांच्यावर टोप्यांसारखी बसणारी वेटोळी डबीबरोबर निघून आली होती. तेलाचा थेंब सांडला नाही. ब्रेकच्या नळ्या उघडल्या असत्या तर चारही चाकांची हवा काढत बसावे लागले असते, ते टळले.

एवढी मोठी गाडी, आणि तिला शहाणपण देणारी ही वहीएवढीसुद्धा नसलेली डबी! कन्येने ती हातात घेऊन वजन पाहिले. "बाबा, माझ्या कंपासपेटीपेक्षा थोडी मोठी आहे."

नवी डबी बसली. स्क्रू समोरासमोरचे असे आळीपाळीने, हात राखून आवळले. बॅटरी जोडली. स्कॅनरवरून गाडीचा क्रमांक आणि हिशेब नव्या डबीला शिकवला, जुने दोष पुसले. मग मिस्त्रीने कन्येला चालकाच्या जागी बसवले आणि सांगितले, "ताई, किल्ली फिरव. आन् दिव्याकडं बघ. तो आधी लागला पायजे." दिवा लागला. माझ्या पोटात गोळा आला. "हां. यंत्र स्वतःची परीक्षा घेतंय. जो दिवा लागतच न्हाई, त्याचा बल्ब कुणीतरी काढलेला असतो." एक, दोन, तीन... दिवा विझला. पुन्हा लागला नाही.

सेवारस्त्याच्या मोकळ्या तुकड्यावर, मागेपुढे कोणी नाही हे पाहून, त्याने गाडी थोड्या वेगात आणली आणि ब्रेक दाबला. शेजारी बसलेल्या मला ती धडधड तळव्यांतून कळली. "आता तुम्ही," तो म्हणाला. माझा पाय थरथरत होता. मी दाबला, धडधडले, पाय उचलावासा वाटला, उचलला नाही. स्टिअरिंग फिरवले. गाडी वळली. इतक्या साध्या गोष्टीने माझ्या डोळ्यांत पाणी यावे, हे प्राध्यापकाला शोभत नाही, पण आले.

परत आलो तो तिन्हीसांजा झाल्या होत्या. अंगणात सडा, गाईच्या पायांवर पाणी, कपाळावर कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. दोघी म्हाताऱ्या मिळून ओवाळत होत्या. पाडस आईच्या पदराशी झोंबत होते. म्हातारीने बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी वाढली. त्या दिवशी गाईचे दूध, तूप वर्ज्य, म्हणून चहाही कोराच. आई म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर वर्षांत अशी वसुबारस लग्नानंतर पहिलीच." मिस्त्रीला पैसे देताना मी काही जास्त देऊ केले. त्याने मोजून परत दिले, आणि गणपतीचे ते चित्र कागदात गुंडाळून माझ्या हाती ठेवले. "घरी देव्हाऱ्यात लावा."

परतीच्या वाटेवर बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंतचा तो कुप्रसिद्ध उतार लागतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने याच उतारावर अनेक वाहनांना धडक दिली होती. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय पुष्कळांना असते. मी गिअरमध्ये, हळू, अंतर राखून उतरलो. मागच्यांनी कर्णे वाजवले. वाजवोत! चार पैसे वाचवण्याच्या हिशेबात मी आणि ते न्यूट्रलवाले एकाच वर्गातले, हे मला आता कळले होते.

भाऊबीजेला मामांकडे गेलो. मामा निवृत्त एस.टी. चालक. भोरहून वरंधा घाटाने महाडला त्यांनी किती फेऱ्या केल्या, त्यांची गणती नाही. गाडीत दोष दिसला की तो लिहून दिल्याशिवाय घरी जायचे नाही, हा त्यांचा जन्मभराचा नेम. आजारपणाने हडकले होते. पण ओवाळून झाल्यावर काठी टेकत अंगणात आले, आईच्या स्टुलावर पाय देऊन चालकाच्या जागी बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. सगळे दिवे लागले, एकेक करून विझले. मामा पाहत राहिले.

"सगळे विझले," ते म्हणाले. मग बोट काचेवर ठेवून, "हा डाग कसला रे?"

चित्राच्या डिंकाचा वाटोळा डाग तिथे राहिला होता. आई घाईने म्हणाली, "काही नाही दादा, पोरीनं काहीतरी चिकटवलं असेल." कन्येने माझ्याकडे पाहिले. ती याही वेळी काही बोलली नाही.

"मी चिकटवलं होतं मामा," मी म्हणालो, आणि पहिल्यापासून सगळे सांगितले. किटलीचेही सांगितले. मामा बराच वेळ गप्प होते. मी खिशातून रुमाल काढून तो डाग पुसायला लागलो.

"राहू दे," मामा म्हणाले. "दिसतोय तो बरा आहे."

डाग अजून आहे. वरव्यावरून जाताना हल्ली आम्ही महामार्ग सोडून आत वळतो. आई ओसरीवर बसते, कन्या वासराशी खेळते, मी मिस्त्रीच्या शेडमध्ये जाऊन कोरा चहा पितो. निघताना म्हातारी एक तांब्याभर दूध आईच्या हातात देते आणि मला दरवेळी तेच सांगते, "मास्तर, रस्त्याला लागताना बघून जावा. माझा ल्योक याच वेळेला येतो."

मी बघून जातो.